अमरवेलीची जुडी

आता मला सांगा, साफसफाईला माझंच गोदाम सापडावं? आमचा धंदा वाळलेल्या औषधी वनस्पतींचा. त्यात ही अमरवेल, पिवळ्या दोऱ्याच्या गुंत्यासारखी. तिला ना मूळ, ना पान. दुसऱ्या झाडात सोंड खुपसायची आणि आयता रस प्यायचा! आणि तुम्हाला सांगतो, रसाबरोबर झाडात असेल ते सगळं ओढते ही बया, कडू तर कडू, विष तर विष! म्हणून जुडी घेताना आम्ही आधी विचारतो, वेल वाढली कुणावर? आणि खूण म्हणून त्या झाडाची डहाळी जुडीतच ठेवतो. बोरीवरची चालते. कण्हेरीवरची? हृदय बंद पाडेल! तशी एक चुकून आलेली, जाळायला बाजूला काढून ठेवली होती...

तर बायकोनं सगळ्या डहाळ्या उपसून फेकल्या! "अहो, केवढा कचरा होता! आता बघा, सगळ्या जुड्या कशा एकसारख्या दिसतात." एकसारख्या! बाजूला ठेवलेली जुडीही त्यातच मिसळलेली! मी ती हुडकायला लागलो, तर वर म्हणते, "आणि बाबा येऊन एक घेऊन गेले. गुडघ्यासाठी काढा करणारेत."

वेल वाढली कुणावर? आता कोण सांगणार! फोन लावतोय, नुसता वाजतोय, कारण सासरेबुवा चुलीशी असले की फोन घेत नाहीत, काढा बिघडतो म्हणे! पळालो हो, या पोटासकट पळालो. वाटेत न्हावी विचारतो, "काय शेठ, घाईत?" नाही रे बाबा, हवा खायला निघालोय!

पोचतो तर कप ओठांशी.

"मामा, थांबा! वेल वाढली कुणावर?"

"जावईबापू, एक जुडी काय नेली, मागे धावत आलात?"

"मामा, विष असेल त्यात!"

"औषध कडूच असतं." आणि कप पुन्हा वर!

काय करणार? मारला हात. काढा सगळा गुडघ्यावर! ते ओरडतायत, सासूबाई ओरडतायत, आणि मी पातेल्यातला चोथा चिवडतोय... निघालं! वेलीच्या गुंत्यात अडकून राहिलेलं लांबट, जाड पान. कण्हेरीचं!

म्हटलं, आता तरी पाठ थोपटतील. सासरेबुवांनी पान उलटसुलट पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "बघितलंस? विष विकतो हा!"

तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आले की पहिला घास मला खायला लावतात. मी खातो, ते टक लावून बघत बसतात... आणि तोवर जेवण गार झालं म्हणून बोलणीही मीच खातो!