साडूचा बधिर पाय

तुम्हीच सांगा, माणूस जळणार नाही तर काय करणार? गुडघ्याचं लिगामेंट माझंही तुटलं होतं, तेही कबड्डी खेळताना. माझ्या धाकट्या साडूचं, प्रदीपचं, तुटलं स्कूटर स्टँडवर लावता लावता. ऑपरेशन दोघांचंही तेच. पण मी शुद्धीवर आलो तो बोंबलतच, अन् याले डॉक्टरनं मांडीत इंजेक्शन देऊन नसच बधिर केली. नर्व्ह ब्लॉक म्हणतात त्याले. दुपारी भेटायले गेलो, तर पठ्ठ्या टेकून बसून पोहे खाऊन राहिला!

"काहून गा, दुखत नाही?"

"काहीच नाही भाऊजी. पाय आहे का नाही, तेच समजत नाही."

माझी बायको लगेच बहिणीले म्हणते, "आमच्या यायनं तर अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता वं सुनी!"

सिस्टर म्हणाली, ब्लॉकचा असर संध्याकाळपर्यंत उतरते. मग मी तिथंच स्टूलवर ठाण मांडलं. बायकोले वाटलं, साडूवर केवढी माया! मले फक्त त्याचं एक "आई गं" ऐकायचं होतं.

संध्याकाळ झाली, तरी हा मोबाइलवर मॅच पाहून राहिला. शेवटी वैतागून उठलो, तर माझाच जुना गुडघा अडकला. अशी बोंब मारली, का सिस्टर इंजेक्शन घेऊन धावत आली अन् प्रदीपची चादर वर करू लागली.

"मले नाही सिस्टर, त्यायले द्या."

बायकोनं कपाळाले हात लावला. "पाह्य वं सुनी, आज तर यायचं ऑपरेशनबी नव्हतं!"