रुखवत दिसत नाही

(दुपार. कालिंदीकाकू लालबागला घरी, मनवा परळच्या ऑफिसच्या जिन्यात. मधे फक्त फोन.)

मनवा : नाही काकू, फोन बंद करून चालू केलात म्हणून साईट सुरू होणार नाही. साईट फोनमध्ये नसते.

कालिंदी : मग असते कुठे? माझ्या फोनवर तर धडधडीत दिसतेय. तुळशीवृंदावन दिसतंय, सुपारीचे भटजी दिसतायत, साखरेचा चौरंग दिसतोय. आणि त्या दादरच्या बाई म्हणतात, काकू, तुमच्या साईटवर काहीच नाही, नुसते चौकोन. मी म्हटलं, चष्मा लावा. मग खालच्या दत्तारामच्या मोबाईलवर बघितलं. चौकोनच गो.

मनवा : तुमचा फोन जुनं दाखवतोय. एकदा बघितलेलं तो स्वतःकडे ठेवून देतो, परत परत मागवायला नको म्हणून. त्याला माहीतच नाही की पलीकडे फोटो गेलेत.

कालिंदी : म्हणजे मला एकटीलाच दिसतंय?

मनवा : तुम्हाला एकटीला. थांबा, मी माझ्यावर उघडते... हां. नावं आलीत, भाव आलेत, तुमचा पत्ता आलाय. फोटो एकपण नाही. हे कधीपासून आहे?

कालिंदी : काय माहीत. त्या बाईंचा फोन मघाशी आला. मुलीचं लग्न आहे, रुखवताचं काम आज ठरवणार आहेत त्या. संध्याकाळी घरात सगळे बसून बघणार, आणि दाखवू काय, चौकोन? तुला त्रास द्यायचा नव्हता. कामात असशील.

मनवा : कामातच आहे. मिटिंग आहे आता, साहेब दोनदा डोकावून गेला. आपण पटापट बघू. नेट नीट आहे ना घरी?

कालिंदी : आहे. सीरियल बघितली आताच.

मनवा : साईटचं वर्षाचं भाडं भरलं होतं?

कालिंदी : तूच भरून घेतलंस माझ्याकडून, दिवाळीत.

मनवा : हो, खरंय. ते संपलं असतं तर पूर्ण साईटच गेली असती, नुसते फोटो नाही. मग कोणी लिंकबिंक पाठवली होती का? बक्षीस लागलं, इथे दाबा, असलं काही?

कालिंदी : मी काय एवढी बावळट वाटले तुला? असल्या मेसेजना मी उत्तरसुद्धा देत नाही.

मनवा : तसं नाही हो. कोणी आत घुसलंय का ते बघायला लागतं. आज तुम्ही स्वतः काही केलंत साईटवर?

कालिंदी : मी? मी कशाला हात लावतेय.

मनवा : बरं. मग मी आतून बघते. तुमच्या फोनवर कोड येईल, तो सांगा.

कालिंदी : आत जायलाच हवं? बाहेरून नाही होत?

मनवा : बाहेरून काय होणार? घराचा नळ गळतोय तर घरात शिरायलाच लागणार ना.

कालिंदी : आणि आत गेलं की कोणी काय केलं ते सगळं कळतं?

मनवा : कळतं. कोणी, कधी, काय. काकू?

कालिंदी : आला बघ कोड. चार, शून्य, शून्य, नऊ, दोन, सात.

मनवा : ... झालं. एक मिनिट. ही फोटोंची जागा. रिकामी आहे. सगळीच रिकामी. आता नोंद बघते.

कालिंदी : मनवा, तू जेवलीस का गो?

मनवा : काकू, आज सकाळी तुमच्याच नावाने आत येऊन सगळे फोटो डिलीट केलेत.

कालिंदी : सगळे नाही.

मनवा : सगळे. इथे लिहिलंय.

कालिंदी : मला एकच काढायचा होता. बोट ठेवलं त्याच्यावर, तर ते सगळ्यांवर खुणा झाल्या. मग विचारलं त्याने, कायमचं काढू का. मी म्हटलं हो. मला वाटलं एकाबद्दलच विचारतोय.

मनवा : ‘सगळे निवडा’ दाबलं गेलं. होतं असं. पण मग मघापासून मला सांगत का नाही? मी इथे भाडं, हॅकिंग, काय काय शोधत बसले. माझी मिटिंग आहे काकू.

कालिंदी : सांगायचं नव्हतं. तुला न कळता काढून टाकायचा होता. तेवढं केलं असतं तर हा फोनही केला नसता.

मनवा : कुठला काढायचा होता?

कालिंदी : तुझा.

मनवा : माझा म्हणजे?

कालिंदी : माझ्या खाटेवर मांडलेलं तुझं रुखवत. वर डाळींनी ‘मनवा’ काढलंय आणि शेजारी आमच्या दिवट्या लेकाचं नाव. आणि खाली मी शहाणीने पूर्ण लिहून ठेवलं, चि. सौ. कां. मनवा रेडकर आणि चि. अवधूत. शिवाय तारीख, हॉलचं नाव. तू तेव्हा म्हणाली होतीस, काकू, पूर्ण नाव नका टाकू, कोणाचंच टाकू नका. मी ऐकलं नाही. म्हटलं नावाशिवाय रुखवत कसलं. पुढे तो पोरगा ऐन वेळी पाय मागे घेईल हे मला काय स्वप्न पडलं होतं?

मनवा : पण सगळे त्याच फोटोवरून तर फोन करतात तुम्हाला. सुपारीची होडी, तांदळाची वाळू. दरवेळी तुम्हीच सांगता, होडीवालं पाहिजे म्हणून लोक मागे लागतात.

कालिंदी : लागू देत.

मनवा : मग आज अचानक?

कालिंदी : शैला भेटली होती परवा चिवडा गल्लीत. तुझी आत्या, ती कुठे काय पोटात ठेवते. म्हणाली, आमच्या मनवाचं ठरतंय, शीवचा मुलगा आहे, राजस नाव, रविवारी साखरपुडा. मी म्हटलं, वा, छान झालं. आणि घरी येऊन जेवण गेलं नाही. तू नाही सांगितलंस म्हणून नाही. नाही, म्हणजे त्याचंही थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला भलतीच भीती वाटली. मी मोबाईलवर तुझं नाव लिहून बघितलं. मनवा रेडकर. तर पहिलं काय आलं माहितीये?

मनवा : माहितीये.

कालिंदी : तुझं ऑफिस नाही, तुझं शिक्षण नाही. माझं रुखवत. त्या मुलाच्या घरच्यांनी शोधलं तर? हल्ली सगळे शोधतात. मी पण शोधते गिऱ्हाईकांना.

मनवा : एक मिनिट, जिन्यात माणसं आलीत.

कालिंदी : गेली?

मनवा : गेली. काकू, मी त्याला सांगितलेलं नाही.

कालिंदी : काय नाही सांगितलंस?

मनवा : म्हणजे बोलणी झाली होती, फिसकटली, एवढंच सांगितलंय. हॉल घेतला होता, पत्रिका वाटल्या होत्या, तुम्ही दोन महिने घर भरून रुखवत केलं होतं, यातलं काहीच नाही. आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. आणि तो फोटो रोज रात्री शोधून बघते, वर आहे का अजून. वरच असतो. तुम्हाला काढा सांगायचं धाडस झालं नाही. तुमचं काम आहे ते. तुमची भाकरी आहे त्याच्यावर.

कालिंदी : वेडी आहेस. म्हणजे तू तिकडे घाबरून बसलीस, मी इकडे.

मनवा : आता ऐका. सगळं परत आणता येतं. त्यांच्याकडे मागच्या आठवड्याची प्रत असते ठेवलेली. बटण दाबलं की थोड्या वेळात सगळे फोटो जागेवर.

कालिंदी : सगळे म्हणजे तोही?

मनवा : तोही. एकेक वेगळा नाही येत. सगळे येतील, मग तो एक परत काढायचा.

कालिंदी : मग आण आणि काढ. तू काढ, मी आता हात लावत नाही.

मनवा : आणि काढला तरी शोधलं की दिसत राहणार काही दिवस. तुमच्या फोनसारखंच. सगळीकडे जुनं साठवलेलं असतं.

कालिंदी : रविवारपर्यंत?

मनवा : रविवारपर्यंत नक्की. मी अर्ज करू शकते काढायला, पण ते त्यांच्या सवडीने.

कालिंदी : म्हणजे मी सगळं घालवून बसले आणि उपयोग काहीच नाही.

मनवा : बटण दाबलंय मी. होतंय. हे असं फिरत राहतं, बघवत नाही. साहेबाचा फोन येतोय... कट केला.

कालिंदी : नोकरी घालवशील माझ्यापायी.

मनवा : काकू, त्या दिवशी फोटो काढला तेव्हा तुम्ही मला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं होतं. नंतर म्हणालात, नको, तू बाजूला हो, होडी झाकली जातेय.

कालिंदी : झाकली जातच होती. आणि तुझ्या बाजूने कोणी बाई नव्हती करायला. आई तुझी तू शाळेत असतानाच गेलेली, शैलाला सुई धरता येत नाही. लोक हसले मला, मुलाची आई मुलीचं रुखवत करते म्हणून. खुशाल हसा म्हटलं. अवधूत गेला निघून कॅनडाला, त्याच्याशी मी अजून धड बोलत नाही. पण ते रुखवत मी त्याच्यासाठी केलंच नव्हतं कधी.

मनवा : आले. फोटो आले. दत्तारामदादांना बघायला सांगा, किंवा नको, मलाच दिसतायत. दादरच्या बाईंना फोन करा, म्हणावं परत उघडा.

कालिंदी : करते. आधी तो काढ.

मनवा : थांबा जरा, काही लिहितेय.

कालिंदी : मनवा, काढलास?

मनवा : नाही. तिथेच आहे. मी त्याची लिंक राजसला पाठवतेय.

कालिंदी : अगो, थांब. असं फोनवर कोणी सांगतं? समोर बसवून सांग. रविवार जाऊ दे, मग सांग.

मनवा : रविवार गेल्यावर सांगितलं तर ते सांगणं नाही राहत काकू. आणि समोर बसले की मी परत गप्प बसेन, मला ठाऊक आहे. लिहिलंय, हे माझं ठरलेलं लग्न होतं, एवढं पुढे गेलं होतं, मी तुला अर्धंच सांगितलं. गेलं. बघितलं त्याने.

कालिंदी : मग?

मनवा : टाईप करतोय.

कालिंदी : काय म्हणतो?

मनवा : थांबला. परत करतोय. परत थांबला. मी बसते पायरीवर.

कालिंदी : बस. आणि श्वास घे. मी आहे फोनवर. दादरच्या बाई गेल्या खड्ड्यात.

मनवा : आलं. विचारतोय, हॉलपण घेतला होता? मी लिहिते, हो. हॉलपण, पत्रिकापण.

कालिंदी : खरं तेच लिही आता.

मनवा : तेच लिहिलं. आता काहीच नाही. टाईपपण करत नाही.

कालिंदी : कामात असेल.

मनवा : नाही, फोन हातात आहे त्याच्या. काकू, मी चुकले का?

कालिंदी : चुकली असतीस तर मला एवढं बरं वाटलं नसतं. मला मेलीला घाम फुटलाय, पण बरं वाटतंय.

मनवा : आलं. विचारतोय, हे सगळं केलंय कोणी.

कालिंदी : त्याला काय करायचंय? बरं, सांग. अवधूतच्या आईने म्हणून सांग.

मनवा : लिहिलं. माझी आई नव्हती म्हणून अवधूतच्या आईने केलं. अजून बोलतो आम्ही, असंपण लिहिलं.

कालिंदी : ते कशाला लिहायचं? त्याच्या घरच्यांना नाही आवडणार.

मनवा : ते काढून टाकलं तर मग काय उरलं सांगण्यासारखं? ... म्हणतो, संध्याकाळी भेट, बोलू. बस्स एवढंच.

कालिंदी : एवढंच?

मनवा : एवढंच. रागात आहे की नाही काही कळत नाही. ‘बोलू’च्या पुढे नुसतं टिंब आहे. साहेबाचा परत फोन. मला जायलाच लागेल आता.

कालिंदी : जा. आणि संध्याकाळी तोंड धुऊन जा, रडल्यासारखी जाऊ नकोस. काय व्हायचं ते होऊ दे.

मनवा : काकू, एक विचारू? ठरलंच जर, म्हणजे तो भेटल्यावरही हो म्हणाला तर, माझं रुखवत... मी तुम्हाला विचारायलाच नको खरं तर. कुठल्या तोंडाने विचारू.

कालिंदी : विचारतेस कशाला? शैला भेटली त्याच दिवशी मी करायला घेतलंय गो.