वर मोकळं पाणी

नाही नाही, दार राहू दे ना — थोडं उघडं — हां, तेवढं पुरे. बाहेर ऐकू जाईल? जाऊ दे, मराठी कुणाला कळतंय इथे — म्हणजे कळेलही, लंडनमधलं हॅरो आहे हे, निम्मी आपलीच माणसं, भरवसा नाही. हळू बोलतो. तर डॉक्टर, ते बीपी परत एकदा बघा ना. नाही, तुमचं मशीन चुकलं असं नाही म्हणत मी. पण नॉर्मल? माझं? नीना — माझी बायको — इतकी वर्षं मला अळणी भाज्या घालतेय या बीपीपायी, आणि आज, नेमकं आज, ते नॉर्मल यावं? बरं, गुडघा बघा. कट्‌कट वाजतो. तिथे उभ्या शिड्या असतात, चढता यायला हवं ना? चढता येईल म्हणता. हं. — हे बघा, पाटीवर ‘आसावरी’ वाचलं आणि माझ्या जीवात जीव आला. म्हटलं आपलं माणूस आहे, समजून घेईल. एक शब्द तर लिहायचाय तुम्हाला — अनफिट.

कंपनीनं तुम्हाला काय कळवलंय? ‘सी ट्रायल’, एवढंच? समुद्रावर नाही हो, समुद्राखाली. पाणबुडी. आणि नुसतं खाली नाही, वर बर्फ — पार उत्तरेकडचा, मैलोन्‌मैल छप्पर घातल्यासारखा. एरवी पाणबुडीत काही बिघडलं तर वर तरी येता येतं, इथे वर यायलाच जागा नाही! — हे मी बोलायला नको होतं. विसरा. सह्या केल्यात मी कागदांवर. पण डॉक्टरला सांगितलेलं चालतं ना? पेशंटचं कुठे जात नाही ना बाहेर? मग ऐका. माझी नोकरी मेडनहेडला, सॉफ्टवेअरमध्ये. पाणबुडीच्या पाठीवर सोनार नावाचं यंत्र असतं, ते वर आवाज सोडतं, आवाज बर्फावर आपटून परत येतो, त्यावरून ठरवायचं बर्फ कुठे जाड, कुठे पातळ, कुठे नाहीच. ते ठरवणारं मशीन आमच्या टीमचं — टीमचं म्हणजे माझंच म्हणा. स्क्रीन हिरवी झाली की अर्थ, वर मोकळं पाणी. मग कॅप्टन बोट सरळ वर घेतो, लिफ्टसारखी.

मी का जातोय? अहो, तेच तर! कुणी सांगितलं होतं मला! मीटिंग संपली, चहा चाललेला, आणि नेव्हीचे कमांडर — उंच, फार सभ्य माणूस — मला म्हणाले, ‘पुरू, यू मस्ट कम विथ अस.’ पुरुषोत्तम त्यांना जमत नाही. आता तुम्ही इथे किती वर्षं आहात? मग तुम्हाला कळलं असेल, इथे ‘यू मस्ट कम’ म्हणजे येऊ नका. आमची शेजारीण मार्गरेट, आम्ही राहायला आलो तेव्हापासून ‘यू मस्ट कम फॉर डिनर’ म्हणतेय, मी ‘हाऊ लव्हली’ म्हणतो, आणि दोघं आपापल्या घरात जाऊन जेवतो. आपल्याकडे तरी काय वेगळं — ‘या ना एकदा घरी’, ‘येऊ की!’ — कुणी तारीख विचारतं का? तसं मी म्हणालो, ‘आय वुड लव्ह टू.’ आणि त्या माणसानं डायरी काढली हो! तिथल्या तिथे! सगळे माझ्या पाठीवर थापा मारायला लागले — ज्यानं बनवलं तोच येतोय म्हणजे आणखी काय हवं. मी हसत होतो. हसता हसता पाठीला घाम.

बंद जागेची भीती? तिथे मी ‘नाही’वर टिक केलीय. हो, वाचून केलीय. — तुम्ही त्या दाराकडे का बघताय? — बरं. खरं सांगू? मेट्रोपॉलिटन लाईनची ट्रेन हॅरोहून निघते ती छान उघड्यावरून जाते, घरं, बागा, वाळत घातलेले कपडे. फिंचली रोडनंतर बोगदा लागतो. मी फिंचली रोडला उतरतो. तिथून बस. या शहरात आल्यापासून ट्रेननं एकदाही पुढे गेलेलो नाही. मुलीच्या ग्रॅज्युएशनला पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. घरी सांगितलंय, मला बसमधून लंडन बघायला आवडतं. याच गुडघ्याचा एमआरआय काढला — पाय आत, डोकं बाहेर — तरी मी ‘बाहेर काढा’ म्हणून घंटी दाबली. स्वेटर डोक्यातून काढताना जरा अडकला तरी जीव कासावीस होतो, म्हणून हे बटणांचे घालतो, बघा. भीती वाटते हो, डॉक्टर. फार भीती वाटते. नेव्हीवाल्यांनी मला पाणबुडी दाखवायला नेलं होतं, धक्क्याला बांधलेली, वरची सगळी झाकणं उघडी, तर मी फोन आल्याचं सोंग करून बाहेर पळालो. आत फोनला रेंजच नसते, हे सगळ्यांना माहीत! नीनाला तर काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी मँचेस्टरला कॉन्फरन्सला चाललोय. बॅग भरलीय तिनं. मँचेस्टरला पाऊस फार म्हणून छत्री घातलीय! छत्री घेऊन मी बर्फाखाली जाणार!

काय लिहिताय? — लिहिलंत? म्हणजे... झालं? नाही जायचं? भीती आहे म्हणून अनफिट, असं चालतं? अहो, मग आधीच नाही का — मी उगाच बीपी, गुडघा — देव तुमचं भलं करो. घरी या एकदा. नाही, खरंच या, तारीख सांगून या, नीना पुरणपोळी करेल. आता तिला सांगतो मँचेस्टर रद्द, काढ ती छत्री. बघा, श्वास कसा खालपर्यंत जातोय.

ट्रायल? ट्रायल होणारच. माझ्यावाचून काय अडतंय, बोट जाणार. माझ्याऐवजी कोण म्हणजे — कुणी नाही, मशीन आहेच की. मशीन चांगलंय. — चांगलंय म्हटलं ना. — असं काय बघताय? मी काही लपवत नाहीये. एक छोटीशी गोष्ट आहे, तांत्रिक. बर्फ वितळायला लागला की त्याच्याखाली गोडं पाणी साचतं, त्याखाली खारं, आणि त्या दोन पाण्यांमध्ये आवाज वाकतो. रेकॉर्डिंगमध्ये दिसलंय मला — वर चांगला जाड बर्फ, आणि मशीन सांगतंय हिरवं. क्वचित होतं! आणि मला कळतं ना. ते हिरवं जरा थरथरतं. बाकीच्यांना नाही दिसत ते, पण पोळी फुगणार की नाही हे नीनाला तव्यावर टाकल्या टाकल्या कळतं ना, तसं. म्हणूनच तर नंतर मी नाही म्हणालो नाही. म्हटलं मी असेनच तिथे, स्क्रीनपाशी बसेन, ओरडेन...

आता नसेन.

सांगितलं का त्यांना? मीटिंगमध्ये विचारलं होतं, ‘रेडी?’ सगळ्यांनी माना डोलवल्या, मीही डोलवली. वाटलं दुरुस्त करू पुढे, होऊन जाईल. तेवढ्या लोकांत, त्या कमांडरसमोर, कसं म्हणायचं हो? — त्यांचा पाणबुडीवर एक कुक आहे, डॉक्टर. मी व्हेजिटेरियन म्हटल्यावर तो व्हिडिओ बघून डाळ शिकला. मुद्दाम मला ईमेल केली, फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी. तो जाणार. ते सगळे जाणार, हिरवं दिसलं की वर येणार, आणि मी इथे पुरणपोळी... बर्फाखाली जायला मी तयार झालो, डॉक्टर, मी! पण ‘मशीन तयार नाही’ एवढं म्हणायला नाही झालो. काय माणूस आहे मी?

नाही, बाहेर जाऊन नको. बाहेर पडलो की समोर बस येईल आणि मी चढेन, मला माहितीये मी. इथूनच फोन करतो. आहे नंबर, कमांडरांनी स्वतः दिलाय. आता घ्या बीपी! नाही, ते ‘अनफिट’ राहू दे, खोटं नाहीये ते. फक्त तुम्ही जरा बाहेर जाता का? खोली तुमचीच आहे, कळतंय मला, पण कुणी समोर असलं की माझ्या तोंडून ‘हो’च निघतं. — रिंग जातेय. जा, प्लीज. आणि डॉक्टर — दार लावून घ्या.

हो. पूर्ण लावा.