अकराचं ॲव्हरेज

...अकरा! लिटरला अकरा! तुम्हीच सांगा, हे काय ॲव्हरेज झालं? तीच गाडी, तेच डिझेल, तोच वरठीचा रस्ता, आणि याच गाडीतून मी सोळा पॉइंट आठ काढून दाखवले होते, फोटो आहे मोबाईलमध्ये, थांबा, दाखवतोच... नाही, राहू द्या. नको.

तुम्हाला सांगतो, मी दोन वर्षं नेदरलँड्सला ऊर्जा या विषयात एम.एस्सी. केलं, शिष्यवृत्तीवर. तिकडे नोकरी मिळत होती, पण मी म्हटलं, नाही, पृथ्वी वाचवायची तर भंडारा जिल्ह्यापासून! हसू नका, खरंच म्हणालो होतो, विमानतळावर, मोठ्यानं! आणि घरी येऊन बघतो तर दारात अजून तीच डिझेलची एसयूव्ही. सीट सात. घरात माणसं तीन, त्यातला मी तर नुकताच उतरलेलो.

गाडी बाबांची. बाबा म्हणजे कवडूभाऊ, एकतीस वर्षं वरठीच्या कारखान्यात, घर ते गेट नऊ किलोमीटर, सायकलवर. रिटायर झाल्याच्या महिन्यात ही गाडी घेतली, चार वर्षं हौसेनं चालवली, आणि मग साखरेनं आधी डोळे नेले, मग किडन्या. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. गाडी चालवणार कोण? मी!

पहिल्याच दिवशी आकडा बघितला. अकरा! मी हादरलो. मागची डिक्की उघडली, तर आत तांदळाची चुंगडी, ताडपत्री, दोन जॅक... एका गाडीला दोन जॅक! आणि सतरंजी. म्हटलं, सतरंजी कशाला? तर बाबा म्हणतात, "मांगं डिक्कीत कोनी बसलं त त्याले टोचू नये." डिक्कीत! माणसं! मी सगळं उतरवलं. म्हटलं, वजन म्हणजे डिझेल. आई ओसरीवरून ओरडली, "तुह्या बापालेच उतरव ना, पन्नास किलो कमी होतीन!"

मी ऐकतो का? टायरमध्ये हवा मोजून भरली. साठच्या वर जायचं नाही. उगाच गाडी उभी असेल तर इंजिन बंद. खिडक्याही बंद, कारण आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो. बाबांना मात्र खिडकी उघडी लागायची, पण माझ्या बाजूला ते कुलपाचं बटण असतं ना... लावून टाकलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ब्रेक! ब्रेक दाबला की जाळलेलं डिझेल वाया, पुन्हा वेग घ्यायला पुन्हा डिझेल, हे शास्त्र आहे, तुम्हाला सांगतो, यात भावना चालत नाहीत.

आणि बाबांची सवय काय? थांबायची! रस्त्यात कोणीही हात दाखवला की थांबायचं. भाजीवाली कुंताबाई, कारखान्यातला जुना सोबती डोमाबुढा, शाळेची पोरं, कोणाची बकरीसुद्धा. दर अर्ध्या किलोमीटरला ब्रेक! डोळे गेले तरी रस्ता त्यांना पाठ, गतिरोधकावर गाडी उडाली की लगेच प्रश्न, "अश्विन, चिंचेखाली कोनी हात दाखवला का रे?" नाल्याचं वळण आलं की पुन्हा, "इथं कुंता उभी असते. कोनी हात दाखवला का रे?"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, बाबा, याच्यावर खरा उपाय सार्वजनिक वाहतूक आहे. बाबा म्हणाले, "हाव. पन ते येईतवर कुंतानं का उभीच राहाव का?" आणि मग ती गोष्ट, जी मी लहानपणापासून ऐकतोय. मे महिना, दुपारची पाळी, सायकलची चेन तुटली, सायकल ढकलत निघाले, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवला. "तेवीस गाड्या गेल्या, बापू. मोजल्या मी. खांदा दुखला, पन एक नाई थांबली. तवाच ठरवलं, आपली गाडी झाली का थांबाचं." पंधरा वर्षांनी गाडी झाली. म्हणून सीट सात.

आता अशा माणसाशी काय वाद घालणार? मी वाद घातलाच नाही. मी सोपं केलं. "कोनी हात दाखवला का रे?" "नाही बाबा, कोणीच नाही." आणि समोर कुंताबाई डोक्यावर वांग्याची टोपली, हात वर! मी आपला साठवर, एकसारखा, ब्रेक नाही. आरशात बघायचं नाही, एवढं फक्त शिकून घेतलं. ॲव्हरेज बारा. पुढच्या महिन्यात तेरा पॉइंट पाच. मग पंधरा! "कोनी हात दाखवला का रे?" "नाही बाबा." पाच महिने! सोळा पॉइंट आठ! मी फोटो काढला.

त्याच दिवशी नाल्यापुढचं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची होती. मी काय केलं? नियम माझाच ना, उभी गाडी, इंजिन बंद! एसी गेला, गुदमरायला लागलं, म्हणून खिडकी उघडली. आणि बाहेर आवाज...

"कुंता होय का?" बाबा एकदम ताठ बसले.

"हाव जी! जयभीम भाऊ!"

"जयभीम, जयभीम! अव, पाच महिने कुठी होती? पोरीकडं गेलती का?"

"नाई जी. इथंच त असतो मी, रोजच्या जागी."

मी मालगाडीचे डबे मोजायला लागलो. अठ्ठावन्न होते.

"मंग हात काहून नाई दाखवला?"

कुंताबाईनं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, तिनं तिथं मला चार शिव्या दिल्या असत्या तर आज मी सुखानं झोपलो असतो! पण ती म्हणाली, "दाखवला जी पयले. मंग डोमाबुढा म्हने, नोको व, पोरगा बापाले दवाखान्यात नेऊन राहिला, बिमार मानसाची गाडी कायले थांबवता? तवापासून कोनीच नाई दाखवत. तुमी बरे व्हा, भाऊ."

"बस ना आता. मांगं जागा आहे."

"नाई जी, आटो येते मांगून. तुमाले उशीर होईन."

फाटक उघडलं. भंडारा आलं. दवाखान्याच्या दारात मी बाबांचा हात धरला तेव्हा त्यांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देल्ली आज?"

"सोळा पॉइंट आठ."

"बढिया हाय," म्हणाले. बस्, एवढंच!

दुसऱ्या दिवशी मी चुंगडी परत टाकली. सतरंजी अंथरली. खिडक्या चारही उघड्या. चिंचेखाली थांबतो, नाल्यावर थांबतो, हॉर्न वाजवतो, दार उघडून अक्षरशः विनवण्या करतो, काकू बसा, आजोबा बसा! आणि ते? "जा बाप्पा, जा, बापाले ने लवकर." आमची गाडी दिसली की आता बसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहतात. हात वर नाही करत, जोडतात. आमच्याकडे मयत चालली की लोक असेच उभे राहतात. बाबांना ते दिसत नाही, एवढं बरं आहे.

आणि ते आता विचारतही नाहीत. गतिरोधक येतो, वळण येतं, मी वाट बघतो, बाबा, विचारा ना एकदा, आता मी खरं सांगीन... ते नुसते खिडकीकडे तोंड करून बसतात.

ॲव्हरेज काल बघितलं. इतकं थांबून, इतकं सुरू करून, परत अकरा. बाबांच्या काळातही अकराच होतं, फक्त तेव्हा गाडीत नऊ माणसं असायची.