दोन ताटं, तुपाशिवाय

बस सुटायला अजून तासभर होता. बाकावर शेजारी बसलेल्या काकांना कमी ऐकू येत असल्याने त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाईंचा डोळा लागता लागता राहिला.

"खानावळ ना? शाकाहारी जेवण मिळेल?"

"मिळेल की, काका."

"त्यात दूध, दही, तूप, काही म्हणजे काही नको."

"पथ्य आहे का?"

"पथ्य नाही, तत्त्व आहे. माझ्या लेकीचं. आणि माझी स्वतःची डेअरी आहे हो!"

"अगं बाई! मग घरात जमतं कसं?"

"तीन वर्षं नाहीच जमलं. मीच नाही नाही ते बोललो तिला. आज पहिल्यांदा माझ्याबरोबर प्रवासाला निघालीय."

"भाजी तेलातलीच आहे, पण वरून तूप सोडते मी."

"आज नका सोडू."

"तुमच्या ताटात तरी?"

"माझ्याही नको. आणि आम्ही आलो की या फोनबद्दल अवाक्षर काढू नका. ठेवतो, आली ती."

नर्सबाईंनी घाईघाईने डोळे मिटून घेतले.

"बाबा, मी केळी घेतलीत. माझ्यासाठी जेवण शोधत फिरू नका."

"मी कशाला शोधतोय? समोर ती खानावळ दिसतेय, सहज विचारून बघू. नाहीच मिळालं, तर मलाही केळंच दे."