सुगरतीची बादली

मंडळी, ऐका! आख्यान मागून, आधी एक प्रश्न. लाज राहते कुठं — शब्दात की माणसात? बघा, बघा, माना खाली! पुढचे काका तर चष्मा पुसायला लागले!

तर मेळघाटात एक कोरकू गाव. तिथला मुंगीलाल कासदेकर, सत्तरीचा म्हातारा, आणि त्याची सून सुगरती. त्या गावची बोलण्याची रीत मोठी नाजूक! 'लघवी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'ओढ्यावर जाऊन येतो' म्हणायचं. सुनेसमोर? तेवढंही नाही! सासऱ्यानं काठी दाराच्या डाव्या अंगाला टेकवायची, सुनेनं समजून तोंड फिरवायचं. आणि बोलल्यावाचून भागतच नसेल, तर रिकाम्या मडक्यात तोंड घालून बोलायचं. मडक्यात बोललेलं कुणी ऐकलंच नाही, असं धरायचं!

एक दिवस सुगरतीनं पाहिलं — काठी सकाळपासून डावीकडंच! म्हातारा जातो, येतो, परत जातो. दुपारी पोट हे एवढं फुगलं, अंगाला दरदरून घाम. नवरा दूर वीटभट्टीवर. सुगरतीनं ओळखलं, सासऱ्याला जीपमध्ये घातलं, गाठला दवाखाना.

डॉक्टर शहरातला, नवा. त्याला कोरकू येईना, म्हाताऱ्याला मराठी कळायचं, पण बोलता येईना. मध्ये सुगरती.

"कुठं दुखतंय बाबा?"

म्हाताऱ्यानं सुनेकडं पाहिलं — अन् गुडघा दाखवला! डॉक्टरनं मलम दिलं! हसताय काय? तुम्ही नाही का मूळव्याधीला 'उष्णता' म्हणत?

पण सुगरतीला दिसत होतं — मलम घेऊन घरी गेलो, तर म्हातारा हातचा जाईल. आणि सांगावं तर सासऱ्यासमोर? जीभच उचलेना हो तिची! मडकं कुठलं दवाखान्यात! कोपऱ्यात फरशी पुसायची बादली दिसली. उचलली, पदर ओढला, तोंड आत घातलं अन् ओरडली —

"यांची लघवी सकाळपासून बंद आहे होऽऽ!"

बादलीच ती, घुमली! बाहेरची रांग उठून उभी राहिली! आणि म्हातारा? शांतपणे छताकडं बघतोय. त्यानं काही ऐकलंच नाही ना!

डॉक्टरनं धावपळ करून नळी घातली. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "आणखी उशीर झाला असता तर..." डॉक्टर थांबला. काही शब्द त्यालाही जड जात होते, मंडळी!

घरी आल्यावर सुगरती भाकर थापायला बसली. सुनेचं कौतुक तोंडावर करायचं नाही, हीही तिथली रीतच! म्हाताऱ्यानं कोपऱ्यातलं मडकं उचललं. तोंड आत घातलं.

"माझी सून होती म्हणून मी आहे. लेकीनं केलं नसतं एवढं केलं पोरीनं."

मडकं जागेवर ठेवलं. सुगरतीनं वर पाहिलं नाही. तिनंही काही ऐकलं नव्हतं ना! पण डोळ्यांना कोण सांगणार? वाहायला लागले, हो!

आता तुमचं सांगा, मायबापहो! मोटारसायकल आडवी आली की शिव्या डझनानं सुचतात. पण बाप चार दिवस गुडघा चोळत बसलाय, त्याला विचारलंत — खरं कुठं दुखतंय? सुनेनं केलं, तिला दोन शब्द बोललात? तोंडावर जमत नसेल तर घरात बादली आहे ना! चला, टाळी वाजू द्या, देवाचं नाव येऊ द्या — आणि काका, चष्मा पुसून झाला असेल तर आधी घरी फोन लावा!