अर्धी गाडी

व्लादिवोस्तोक बंदरावरच्या जकात कचेरीत झिनाइदा रांगेत उभी होती. पुढच्या दोघांच्या गप्पा चालल्या होत्या.

"अर्कादी, जपानहून गाडी आली का रे?"

"अर्धी आली. मागची."

"आणि पुढची?"

"ती दुसऱ्या बोटीने येईल. अख्खी आणली तर जकातीपायी घर विकावं लागेल. मधोमध कापून आणली की तिला सुटे भाग म्हणतात."

"जोडणार कोण?"

"मेव्हणा. पूर्वी पाणबुड्या जोडायचा."

"सासूबाई कुठे बसणार?"

"मागे."

तेवढ्यात खिडकी उघडली.

"हे सुटे भागच ना? गाडी नाही ना?"

"गाडी कुठली, साहेब. नुसते भाग."

साहेबांनी शिक्का मारला, मान बाहेर काढली आणि आवाज खाली आणला.

"जोडणारा चांगला असेल तर नंबर द्या त्याचा. माझी गाडी परवा चढावर मधोमध सुटली. मी घरी पोचलो, बायको मागेच राहिली."